आतली कडी बघितलेला चष्मा

मी चष्मा बोलतोय. नाकावर बसणारा नंबरचा नव्हे, हं! मी चांगला विटेएवढा, काळा, डोक्याला पट्टा बांधून घालायचा चष्मा. मला डोळ्यांवर चढवलं की माणूस खुर्चीत बसल्या बसल्या भलतीकडेच फिरून येतो. मान डावीकडे वळवली की डावीकडचं दिसतं, वर केली की छत दिसतं. हे मी कसं करतो ते विचारू नका. मलाच त्याचं नवल वाटतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली ती सोलापूरच्या एका विद्यापीठात. खोकं फोडलं सयाजी सरांनी. ते ओपन डेच्या समितीचे प्रमुख. ओपन डे म्हणजे प्रवेश घेऊ बघणाऱ्या मुलामुलींनी घरच्यांना घेऊन यायचं, विद्यापीठ बघायचं, शंका विचारायच्या. पण आवार केवढं! करमाळ्याहून पहाटे निघालेली माणसं उन्हात दोन इमारती बघायची आणि तिसरीच्या आधीच झाडाखाली बसकण मारायची. म्हणून मला आणलं.

पहिल्याच दिवशी माझी पूजा झाली. सरांनी हौसेनं कुंकू लावलं, तेही नेमकं आतल्या भिंगाला! पहिल्या तिघांना अख्खं विद्यापीठ लालभडक दिसलं. मग संगणकशास्त्राच्या वैजयंती मॅडमनी हसत हसत मला पुसून काढलं. तेव्हापासून माझी काळजी त्याच घेतात.

सरांनी माझ्यासाठी झोकात फिल्म करून घेतली होती. मोठं प्रवेशद्वार, कारंजं, सभागृह, वरून घिरट्या घालत टिपलेलं आवार, आणि मागे सनईचे सूर. लोक खूश व्हायचे. एका काकांनी कारंज्यापाशी धोतर वर धरलं. एका मुलीनं सभागृहात शिरताना चपला काढल्या. काय माणसं असतात हो! समोर काही नाही हे ठाऊक असतं, तरी मनापासून मानतात. मी तर थक्कच व्हायचो.

आणि मग निंगव्वा आल्या.

मैंदर्गीच्या निंगव्वा. पन्नाशीच्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, एक पाय ओढत चालणाऱ्या. बरोबर त्यांची लेक राजेश्वरी. राजेश्वरी बी. एस्सी. झालेली. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते शोधायचं होतं. रोज गावाहून जाऊन-येऊन जमण्यासारखं नव्हतं. प्रयोगशाळा सुटेपर्यंत परतीची गाडी निघून जायची. म्हणजे वसतिगृहात राहणं आलं. वडील, गुरुलिंग, मैंदर्गीच्या बाजारात दुकान सांभाळतात. त्यांनी सांगितलं होतं, "तुझी अव्वा बघून येऊ दे. ती हो म्हणाली तर माझंबी हो." आणि अर्ज भरायची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती.

निंगव्वांनी मला घातलं. त्यांच्या कपाळाची विभूती माझ्या मऊ गादीला लागली. द्वार झालं, कारंजं झालं, सनई झाली. त्यांनी मला उतरवून मांडीवर ठेवलं.

"छान हाय की. आता खोली दाखवा."

"खोली?" सयाजी सर गडबडले. "खोली फिल्ममध्ये नाही, मावशी. पण ही बघा, आमची ट्रॉफी..."

"ट्रॉफीत झोपायची हाय का पोरगी?"

राजेश्वरीनं डोळे मिटून घेतले. "अव्वा, असं काय बोलतीस?"

"काय चुकलं गं माझं? लेक द्यायच्या आधी घर बघत्यात का न्हाय? मग हितं दोन वर्षं द्यायची, तर घर बघाय नको?" मग सरांकडे वळून त्या सावकाश सांगू लागल्या. "माझं घर बघाय माझा बाप आलता. ओट्यावर बसला. चा पिला. पुढचं दार लई भारी होतं, नक्षीचं. ते बघून हो म्हणला. पाणी कुटनं आणतात, ते इचारलंच न्हाय. पाणी दीड मैलावर होतं. वीस वर्षं आणलं मी डोक्यावर. हा पाय त्यातच गेला. म्हणून मी पुढचं दार बघत न्हाय. नळ दाखवा. आतली कडी दाखवा."

मुलींचं वसतिगृह आवाराच्या दुसऱ्या टोकाला, रिकामी खोली तिसऱ्या मजल्यावर. एवढे जिने निंगव्वांना चढता येणार नव्हते. राजेश्वरी म्हणाली, "मी जाऊन बघून येते की." पण तिला काहीही चांगलंच दिसणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तीन वाजून गेले होते. राजेश्वरी अर्जाचा कागद हातात घट्ट धरून बसली होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. एवढी शक्ती माझ्या अंगात, आणि मी काय दाखवत बसलो? कारंजं!

वैजयंती मॅडम उठल्या. चौफेर बघणारा कॅमेरा त्यांनी दांडीला लावला आणि तरातरा निघाल्या. अर्ध्या तासात घामाघूम होऊन परत आल्या आणि आणलेलं सगळं माझ्यात भरलं. भरताना सरांनी संगणकाच्या पडद्यावर पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अहो मॅडम, शेवटचं तेवढं कापा की. नेमकं तेच बघतील त्या."

"सर, त्या तेच बघायला आल्यात."

निंगव्वांनी मला पुन्हा चढवलं. जिना दिसला. खोली दिसली. दोन खाटा, खिडकी, खिडकीबाहेर लिंब. नळ सोडला, धो धो पाणी आलं. निंगव्वांच्या भुवया माझ्या गादीत हलल्या. मग दार आलं. दाराच्या आतल्या बाजूला कडी एका स्क्रूवर लोंबकळत होती.

संपलं, मला वाटलं. राजेश्वरीनं पडद्यावर ते बघितलं आणि कागदाची घडी घातली.

निंगव्वा कितीतरी वेळ त्या कडीकडे बघत राहिल्या. मग चक्क हसल्या.

"मोडकी हाय."

"हो, मावशी," मॅडम म्हणाल्या. "मोडकी आहे. आहे ते दाखवलं."

"माझ्या बापाला कुणी असं दाखवलं असतं तर..." त्यांचा आवाज ओला झाला. माझ्या भिंगांवर वाफ धरली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी होतं ते. एवढा कोरडा जीव मी, पण गलबलून आलं मला. "आता बसवून द्या. बसवलेली दाखवा. मग बोलू."

सयाजी सरांनी स्वतः वसतिगृहाच्या सुताराला फोन लावला. "हातातलं काम टाक आणि पळ!" मॅडम पुन्हा कॅमेरा घेऊन धावल्या. पाचला वीस मिनिटं असताना त्या आल्या आणि निंगव्वांनी मला तिसऱ्यांदा चढवलं.

तेच दार. चार स्क्रूंची नवी कोरी कडी. मॅडमच्या हातानं ती सरकवली. खट्ट!

तो आवाज ऐकून निंगव्वांनी आपला हात पुढे केला. हवेतच बोटं मिटली, कडी धरली आणि ओढून पाहिली. दार उघडलं नाही. खरं सांगतो, तिथं ना दार होतं ना कडी. पण त्या बाईनं ते ओढून पाहिलं आणि ते घट्ट होतं. मी एवढं दाखवू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"भर गं अर्ज," त्या म्हणाल्या.

याला दोन वर्षं होत आली. माझा पट्टा सैल पडलाय, एका भिंगाला चरा गेलाय. पुढच्या ओपन डेला नवे, हलके चष्मे येणार आहेत. येऊ देत. मी जाईन कपाटात. त्या नव्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे, की कारंजं खुशाल दाखवा, पण आधी नळ आणि कडी दाखवा. मोडकी असली तरी दाखवा. सयाजी सरांची नवी फिल्म आता तिथूनच सुरू होते, सनईसकट.

निंगव्वा अजून ते जिने चढलेल्या नाहीत. परवा राजेश्वरी मॅडमना सांगत होती, मी मेजावर पडून ऐकलं. रोज आईचा फोन येतो. जेवण, अभ्यास, सगळं विचारून होतं, पण अव्वा फोन ठेवत नाही. मग राजेश्वरी उठते, फोन दाराजवळ नेते आणि कडी लावते.

खट्ट.

"हां," तिकडून मैंदर्गीहून आवाज येतो, "आता ठेव."