टिचबटणाची शिंगं

एकसष्टाव्या वर्षी माझ्यावर वासरू व्हायची पाळी आली. त्याआधी सारी हयात मी नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत दुसऱ्याची गुरं राखली, घोड्यावरून दोर टाकून खरी वासरं पकडली, त्यांना मालकाच्या खुणेचे डाग दिले. मग एका घोडीनं मला कुंपणावर फेकलं, खुबा मोडला आणि डॉक्टरनं सांगितलं, आता खोगीर विसरा. ड्वाइटनं, म्हणजे माझ्या मालकानं, मला काढलं नाही. त्याच्या बापाच्या वेळेपासूनचा गडी मी, काढून पाठवणार कुठं? पण कामं दिली ती काय, तर खोगिरांचे पट्टे शिवा, पवनचक्कीला तेल घाला, कोंबड्यांकडं बघा. कोंबड्यांकडं! सकाळी सगळे घोड्यांवर बसून निघून जायचे आणि मी आवारात चामड्याचे तुकडे घेऊन बसायचो. दिवसभर बोलायला माणूस नाही. एक दिवस कोंबडीला हवापाणी विचारताना मी मलाच पकडलं आणि खरं सांगतो, घाबरलो.

बोलायला कुणी नसलेलं दुसरं माणूस म्हणजे ट्वायला. ड्वाइट आणि आर्लिसची एकुलती एक पोर, आठ वर्षांची. शेजारचं घर बारा मैलांवर, तेही म्हाताऱ्या नवराबायकोचं. हिला वेड दोर फेकायचं. कुंपणाचे खांब, दुधाचे कॅन, मांजर, काही म्हणून सोडायची नाही. एकदा दोर खांद्यावर टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऑर्व्हल, खांब पळत नाही."

"मग मी काय करू? त्याला पाय लावू?"

"तू पळ ना."

"माझा खुबा बघितलास का?"

"लंगडं वासरूपण असतंच की," ती म्हणाली.

पळालो. तिचा पहिलाच फास माझ्या गळ्यात बसला, तिनं मी शिकवल्याप्रमाणं झटक्यात ओढला आणि माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. पोरगी रडकुंडीला आली. मी तिला माझा उजवा हात दाखवला. त्याला अंगठा नाही. तरुणपणी वासरू अडकलेल्या दोराचा वेढा खोगिराच्या खुंटीला मारताना अंगठा मधे सापडला आणि गेला. आमच्याकडं असे बिनअंगठ्याचे पुष्कळ भेटतात. दोर गय करत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. म्हटलं, थांब, यावर काहीतरी करू.

आधी एका जुन्या हॅटला खरी शिंगं बांधली. फास शिंगांत अडकला, पण मानेला असा हिसका बसला की आठवडाभर मी फक्त डावीकडं बघत होतो. मग ओझं मानेवरून खांद्यांवर आणलं. दोन्ही खांद्यांवरून मऊ चामड्याचे पट्टे, छातीवर बकल, पाठीमागून वर आलेली एक दांडी, आणि तिच्यावर, डोक्याच्या मागं वीतभर वर, शिंगं. ट्रकच्या जुन्या रबरी नळीची शिंगं, आत घोड्याचे केस कोंबून शिवलेली. इतकी रुंद ठेवली की फास त्यांच्यावरच अडकेल, खाली गळ्यापर्यंत यायचाच नाही. आता एवढंच राहिलं की दोर ओढला की माणूस पडता कामा नये, शिंगं निघून यायला पाहिजेत. दोऱ्यानं बांधली तर एकदा तुटली की परत बांधत बसा. आकडे लावले तर निघेचनात.

रविवारी दुपारी खाटेवर पडून विचार करत होतो, तर समोर खुंटीला माझा निळा शर्ट. मोत्यासारख्या टिचबटणांचा, नाचाला जायचा शर्ट. अशा शर्टांना टिचबटणं लावतात ती नखऱ्यासाठी नाही हो. शर्ट खोगिराच्या खुंटीत अडकला तर पटापट उघडावा, माणूस फरफटत जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं अंगात घालत होतो, डोक्यात आता शिरलं! नाचाला मी शेवटचा गेलो त्याला जमाना लोटला होता. जिच्यासाठी जायचो तिनं बारक्या मिशीवाल्या एका पेट्रोलपंपवाल्याशी लग्न केलं होतं. कात्री घेतली आणि पुढची बटणं काढली.

आणि काय सांगू, जमलं! ती दोर टाकायची, फास शिंगांवर बसायचा, ओढला की टिच्‌ टिच्‌ करून शिंगं तिच्या हातात आणि मी दोन पायांवर शाबूत. खेळाचा नियम खऱ्यासारखाच. मी फाटकाच्या आत उभा राहायचो. ती बाहेर दोर घेऊन. तिनं हनुवटी खाली करून खूण केली की मी फाटक ढकलून लंगडत सुटायचो.

"माझ्याकडं नको बघूस, फाटकाकडंही नको," मी तिला शिकवायचो. "नजर शिंगांवर. बाकी जगात काही नाहीच."

आर्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. एक दिवस ड्वाइट घोड्यावरून उतरता उतरता म्हणाला, "ऑर्व्हल, तुला डाग द्यायचा राहिलाय बघ."

"दे ना. म्हणजे हरवलो तर तुझ्याकडंच आणून सोडतील."

तो हसला. मीही हसलो. पण त्या उन्हाळ्यात मी सुखी होतो, हे मला सरळच सांगायचं आहे. रोज दुपारी माझी कुणीतरी वाट बघत होतं.

ऑगस्टात कळलं की टेकडीवरची आमची एका खोलीची शाळा बंद. तिथं पोर एकच उरली होती, ती म्हणजे ट्वायला. तिनं आता चाळीस मैलांवर गावात, आर्लिसच्या मावशीकडं राहून शिकायचं. वाळूचा रस्ता, पुढं बर्फ, म्हणजे घरी येणं सणासुदीलाच. ती रात्री जेवली नाही म्हणे. मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

मी पट्ट्यांना नवी भोकं पाडली, लहान पोरांच्या मापाची.

"तिथं ढीगभर पोरं असतील," मी तिला म्हटलं. "माझ्यासारखं लंगडं वासरू नाही, चांगली पळणारी. रोज एकेकाला शिंगं घालायची आणि पकडायचं. राणीसारखी राहशील बघ."

"आणि तू?"

"मला कोंबड्या आहेत की."

सप्टेंबर कसा गेला ते विचारू नका. पट्टे शिवून शिवून अशी वेळ आली की शिवायला पट्टा उरेना. ऑक्टोबरात ड्वाइटनं मला गुरांचं मीठ आणि तार आणायला ट्रक घेऊन गावात पाठवलं. मीठ राहिलं बाजूला, मी आधी शाळेच्या कुंपणाशी जाऊन ट्रक लावला. मधली सुट्टी होती. मैदानात पोरंच पोरं. कमरेला पत्र्याची पिस्तुलं, छातीवर चकचकीत तारे, डोक्यावर दुकानातल्या हॅटा. टीव्हीवर बघून शिकलेले काऊबॉय सगळे. जन्मात गाईच्या मागं गेलं नसेल एकही.

आणि मधोमध शिंगं घालून पळत होती ट्वायला.

चार-पाच जण तिच्यामागं दोर घेऊन. दोर कसले, कपडे वाळत घालायची दोरी. फेकायचं कुणाला येत नव्हतं. ती मुद्दाम हळू झाली, मुद्दाम मान खाली घालून थांबली, तेव्हा एका गुबगुबीत पोराचा फास कसाबसा शिंगांवर पडला. टिच्‌ टिच्‌. पोरांनी एकच ओरडा केला. शिंगं मातीत टाकली आणि सगळे घसरगुंडीकडं निघून गेले. ती एकटीच राहिली. शिंगं उचलून, फुंकर मारून साफ करायला लागली. तेव्हा तिला मी दिसलो.

कुंपणापर्यंत धावत आली. जाळीतून माझी बोटं धरली.

"हे काय गं? तू का वासरू?"

"कुणीतरी व्हायला पाहिजेच ना."

"तू दोर टाकून दाखवला नाहीस त्यांना?"

"दाखवला. पहिल्याच दिवशी. सगळ्यांना पकडलं, एकेका फेकीत. मग ते म्हणाले, हिला घरी जाऊ दे. हिला शेणाचा वास येतो." ती बुटानं माती उकरत होती. "मग मी म्हटलं, बरं, मी वासरू होते. मग खेळले."

माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं. पण आठ वर्षांच्या पोरीसमोर ते बोलता येत नाही.

"ऑर्व्हल, यात एक बदल करशील? शिंगं फार लवकर निघतात."

"निघायलाच पाहिजेत. नाहीतर तू पडशील, मान मोडेल. माझा अंगठा बघितलास ना?"

"बघितलाय. पण ती निघाली की खेळ संपतो. मग ते जातात." ती घसरगुंडीकडं बघत होती. "थोडी घट्ट कर ना. पडले तर पडले."

मीठ आणि तार घेऊन मी परत आलो. सगळा रस्ता एकच वाक्य कानात. घट्ट करणं काही अवघड नव्हतं. बटणांमागून तारेचा एक वेढा, की झालं. पोरगी फरफटली असती, पण खेळ चालला असता. तार हातातसुद्धा घेतली होती मी. मग ती धरायला अंगठा नाही हे हातालाच आठवलं आणि तार ठेवून दिली. मला स्वतःचा राग आला, आर्लिसच्या मावशीचा आला, त्या पिस्तूलवाल्या कार्ट्यांचा तर फारच आला. रागानं काही शिवता येत नाही म्हणून तो गिळला आणि कामाला बसलो.

नवीनच केलं सगळं. दोन्ही शिंगं सुटी सुटी, म्हणजे एक निघालं तरी दुसरं राहील. त्यांच्याखाली दोन कान, तेही सुटे. पाठीवर वशिंड. कमरेला शेपूट, आणि शेपटीचा गोंडा वेगळा. प्रत्येक तुकडा टिचबटणावर, प्रत्येक हलक्या हिसक्यानं निघणारा. आता सगळं वासरू काढून घ्यायचं तर सातदा दोर टाकावा लागणार होता. मनगटाची, खिशांची, होती नव्हती ती सगळी बटणं लागली. शर्टाचं फडकं झालं, त्यानं मी चामडं पुसलं. पार्सल टपालाच्या गाडीवाल्याकडं दिलं.

"काय आहे यात?" त्यानं विचारलं.

"वासरू."

"जिवंत?"

"ते आता तिकडं गेल्यावर कळेल."

पुढं मी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची वाट बघत राहिलो. त्या सुट्टीला ती येणार होती. मी रोज आवाराला दोन फेऱ्या मारायला लागलो, खुबा मोकळा व्हावा म्हणून. फाटकापुढचं गोठलेलं शेण कुदळीनं खणून काढलं. बिजागरीला तेल दिलं. आर्लिस म्हणाली, "ऑर्व्हल, सणाला तुमचा तो निळा शर्ट घाला हो, छान दिसता त्यात." मी म्हटलं, बघू.

ड्वाइटची गाडी आली तसा मी हातमोजे चढवून बाहेर आलो. दार उघडलं, ट्वायला उतरली. तिच्यामागून आणखी एक पोरगी उतरली. काटकुळी, जाड चष्म्याची, आणि खांद्यांवर माझे पट्टे, डोक्यावर माझी शिंगं, मागं गोंड्यासकट शेपूट.

"ऑर्व्हल, ही कोरली! हिची आई सुट्टीतपण कामावर असते, म्हणून हिला आणली. हिच्याशी कुणीच खेळत नव्हतं. एक दिवस शिंगं निघाली, सगळे गेले, आणि ही म्हणाली, कान राहिलेत अजून." ट्वायला एका दमात बोलत होती. "हिला वासरू व्हायला आवडतं रे! फार जोरात पळते."

"मी खूप वाकडीतिकडी पळते," कोरली गंभीरपणे म्हणाली.

"वा," मी म्हटलं. "मग दाखवा. मीही तयारीत आहे."

ट्वायलानं माझ्या हातमोज्यांकडं बघितलं, मग खुब्याकडं. शहाणी झाली होती पोर, दोन-तीन महिन्यांत.

"तू नको पळूस, थंडी आहे, दुखेल तुझं," ती प्रेमानं म्हणाली. "तू फाटक उघड."

मी फाटकाशी गेलो. कोरली आत उभी राहिली, नाकावरचा चष्मा वर करून. ट्वायला बाहेर, दोर सैल हातात. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तिनं हनुवटी खाली केली. माझ्याकडं बघितलं नाही, फाटकाकडंही नाही. नजर शिंगांवर. मीच शिकवलं होतं.

मी फाटक उघडलं. कोरली खरंच वाकडीतिकडी पळाली. पहिल्या फेकीत डावं शिंग आलं, दोघी किंचाळल्या, कोरली धावत आत आली आणि मी परत फाटक लावलं. मग उजवं शिंग. मग एक कान. खेळ संपू नये म्हणून लावलेला एकेक तुकडा त्या दोघी चवीनं वापरत होत्या. माझं काम चोख झालं होतं, त्याचा मला आनंद होता, आणि मला इतकं एकटं कोंबड्यांमधेसुद्धा कधी वाटलं नव्हतं. आर्लिसनं दारातून हाक मारली, सणाची भाजलेली टर्की गार होतेय. कुणी ऐकलं नाही.

वशिंड झालं, शेपूट झालं. सगळं वासरू मातीत पसरलं. मी हातमोजे काढायला लागलो, तर दोघी गुडघ्यांवर बसून टिच्‌ टिच्‌ करत ते पुन्हा जोडायला लागल्या.

"ऑर्व्हल, फाटक!" ट्वायला ओरडली.

मी हातमोजे परत चढवले, फाटक लावलं आणि तिच्या हनुवटीकडं बघत उभा राहिलो.