नाकतोड्याचे पाय

नाकतोड्यांच्या पिठाच्या बिस्किटांच्या पाकिटावर मी नाकतोड्याचं चित्र रंगवत होते. साहेब म्हणाले, "पाय खोडून टाका, किळस येते." खोडले, माझं काय जातंय! मग मिशा खुपल्या, मग डोळे. शेवटी नाकतोड्याचं हिरवंगार पान झालं आणि पाकिटं हातोहात खपली. सगळं माहीत असून माझ्या सासूबाईसुद्धा चहात बुडवून खायला लागल्या.

परवा एक बाई पाकीट नाचवत ऑफिसात आल्या. "यात मुंगी निघाली!"

साहेब पांढरेफटक पडले. हात जोडून त्यांची माफी मागितली आणि माझ्याकडे वळले. "उद्यापासून पानाखाली ठळक छापा, शंभर टक्के कीटकमुक्त."

"अहो, आणि आत काय आहे?"

साहेब खेकसले, "आतलं लोक फक्त खातात. वाचतात ते बाहेरचं!"