पहिला परिच्छेद

प्रूफवर लाल पेन टेकवून ताई थांबली. रविवारचं पान शनिवारी दुपारीच छपाईला सुटायचं, आणि मुद्रितशोधक म्हणून तिची सही झाल्याशिवाय ते जागचं हलत नसे. बातमी तिच्या धाकट्या भावाची होती. सरकारी दवाखान्यात चाळीस खाटांमागे एकच परिचारिका. आकडे सगळे चोख. वाचणारा सुरुवातीलाच अडकावा म्हणून पहिल्या परिच्छेदात मात्र घरचाच प्रसंग घातला होता. 'दुपारचे पाच वाजले होते. वडिलांचा हात माझ्या हातात होता. मी तीनदा हाक मारली. कुणी आलं नाही.'

हाक तीनदाच मारली होती, ते खरं. पण मारली होती ताईने. हातही तिच्याच हातात होता. भाऊ पोचला तेव्हा सगळं आटोपून चांगला तास उलटला होता.

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते. या सतरा दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. काही वाटतच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार! आताही राग यायला हवा होता, पण तोही कुठे अडून बसला होता कोण जाणे. ती प्रूफ घेऊन भावाच्या टेबलाशी गेली.

“हे तू लिहिलंस?”

त्याने मान वर केली नाही. “संपादक म्हणाले, स्वतःचा अनुभव घाल. नाहीतर बातमी आतल्या पानावर जाते.”

“अनुभव माझा आहे.”

“ताई, बहिणीने हात धरला असं लिहिलं, तर लोक विचारतील, मग तू कुठे होतास.”

“कुठे होतास?”

“इथेच. दुसरी बातमी संपवत होतो.” मग तो म्हणाला, “खोडायचं तर खोड. मी काही बोलणार नाही.”

ती जागेवर परतली. बाबांचं म्हणून तिच्यापाशी त्या दुपारचं तेवढंच उरलं होतं, आणि उद्या तेही भावाचं होणार होतं. पण बातमी पहिल्या पानावर आली तरच कुणी हलेल, हेही तिला कळत होतं. तिने 'पाच' खोडून खरी वेळ घातली, 'चार वीस'. बाकी तसंच ठेवलं आणि सही केली.

रविवारी सकाळी ती नेहमीसारखी आईला पेपर वाचून दाखवायला बसली. गुडघ्यांमुळे आई दवाखान्यात येऊ शकली नव्हती, आणि त्या दुपारबद्दल तिने आजवर चकार शब्द विचारला नव्हता. पहिला परिच्छेद गाळावा, असं ताईच्या मनात येऊन गेलं. तरी तिने तो वाचला, बाजारभाव वाचावेत तसा.

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“बरं झालं गं, तो होता,” ती म्हणाली. “मला आपलं रोज वाटायचं, तू एकटीच होतीस.”

ताईने पानाची घडी सरळ केली.

“नव्हते,” ती म्हणाली, आणि पुढचा परिच्छेद वाचू लागली.