मोरीतली हिरवी माशी

"मावशी, तुम्ही बाहेर पडल्याशिवाय मला पंप चालू करता येत नाही," दत्तात्रेयने पुन्हा सांगितलं.

"मंग नको करू," म्हणत बायजाबाईंनी मोरीच्या उंबऱ्यावर बसकण मारली.

"तुमच्या मुलानं, निकेशनं पुण्याहून बुकिंग केलंय."

"निकेशला चावतात का इथली झुरलं? ऱ्हाते तर मी."

दत्तात्रेयने पंप खाली ठेवला. पेणच्या रामवाडीतून तो सकाळीच स्कूटरला पंप बांधून निघाला होता. आधी अष्टमी गावातलं हे काम, मग परतीच्या वाटेवर निडीतलं. वीसेक वर्षं तो लोकांच्या घरांत औषध मारत होता. तो आला की माणसं बाहेर पडत. भांडी झाकलेली, पलंग भिंतीपासून ओढलेले, पोरं शेजारी. त्याला घरं ठाऊक होती, माणसं नव्हती. त्याच्या स्वतःच्या खोलीत बाहेर पाठवायला कुणीच नव्हतं.

"मोरीत आहे काय एवढं?"

"चपला काढ नि बस. गप बस पन. आली बघ."

गॅसच्या ओट्याखालून एक झुरळ चालत येत होतं. त्याच्या पुढे, उलट्या पावलांनी, एक लांबट माशी होती. हिरवीनिळी, काचेच्या बांगडीसारखी चकाकणारी. झुरळाची मिशी तोंडात धरून ती त्याला ओढत होती. शेळीला दोरीने न्यावं तसं. झुरळ झटापट करत नव्हतं. दोन्ही मिशा अर्ध्यावर तुटलेल्या होत्या.

दत्तात्रेयने आयुष्यात झुरळं मारली तेवढी कुणी पाहिलीही नसतील. पण आपल्या पायांनी मरणाकडे चालत जाणारं झुरळ तो पहिल्यांदाच बघत होता.

"हे पळत का नाही?"

"डंख बसलाय. एक छातीत, दुसरा मानेत. मानेतला बसला का पाय चालतात, पन पलायचं मनातच येत नाय. मंग मिशा तोडते नि त्यातलं पानी पिते, बया."

"झुरळ सापडतं कसं हिला?"

"वासावर. कोपरा न् कोपरा हुंगत फिरते. आमच्या मिठागरावरचा मुकादमपन असा फिरला नाय कधी."

मोरीच्या भिंतीत जुना नळ काढल्याचं भोक होतं. माशी आत शिरली, मागोमाग झुरळ. बराच वेळ काही दिसलं नाही. मग माशी एकटीच बाहेर आली आणि खडे, काडेपेटीची तुटकी काडी, कोथिंबिरीचं वाळलं देठ असं काय काय आणून भोक बुजवू लागली.

"आत ह्याच्या पायाला अंडं चिकटवलन. बारकं, भातासारखं पांढरं. एकदा भोक अर्धंच बुजलेलं, तवा मी बॅटरी मारून पायलं. अंड्यातला किडा झुरल आतनं खातो. मंग एक दिस नवी माशी भोक फोडते. मागची निघाली ती पंख वालवत हितंच बसली व्हती. माझ्याजवल."

तेवढ्यात दत्तात्रेयचा फोन वाजला. पंप भरताना हात औषधाने माखले होते म्हणून त्याने कोपराने स्पीकर चालू केला.

"निकेश बोलतोय. मोरी नीट करा हां. गणपतीला मिसेस आणि मुलगी किमया राहणार आहेत. मागच्या वेळी एक झुरळ निघालं आणि रात्रीच लॉजवर जावं लागलं. झालं की फोटो टाका."

फोन बंद झाला.

"ऱ्हानार म्हनला?" बायजाबाईंनी विचारलं.

"हो."

"किमयापन?"

"तीपण."

बायजाबाई भोकाकडे बघत राहिल्या. "मंग भोक तेवढं सोड. बाकी मार."

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण कामाबद्दल खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "सोडतो. पण मावशी, घरात एक झुरळ उरणार नाही. नवी माशी बाहेर आली तरी अंडं घालायला तिला काही सापडायचं नाही. ती जाणार."

"कुठं?"

"जिथं झुरळं असतील तिथं."

बायजाबाई हसल्या. "एकीला झुरलं लागतात, दुसरीला चालत नाय. बरे पावने हायेत माझे."

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, भाताचं भांडं झाकलं, खुंटीवरची किल्ली घेतली. दारात थांबून, मागे न बघता म्हणाल्या, "भोकातपन मार."

"सोडतो म्हटलं ना."

"नको. काय नसलेल्या घरात कशाला जन्माला घालायची तिला?"

त्याने सगळ्या घरात औषध मारलं. भोक शेवटी. फोटो काढून पाठवला. निकेशकडून अंगठा आला.

बायजाबाई शेजारच्या बंद घराच्या पायरीवर बसल्या होत्या. निघायला हेल्मेट घालून त्याने फोन दाखवला.

"अंगठा? म्हंजे काय?"

"म्हणजे बरं झालं."

"व्हय." त्यांनी किल्ली मुठीत धरली. "तू परत कवा येशील?"

बुकिंग एकदाचंच होतं. दत्तात्रेयने पंपाचा पट्टा घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला.

"तीन महिन्यांनी. तपासणीला यावं लागतं."

"तवापन मला भायेर बसवशील?"

"नाही. तेव्हा आत बसलेलं चालतं."

बायजाबाई पायरीवर जरा सरकल्या. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा झाली. निडीची माणसं एव्हाना घर रिकामं करून त्याची वाट बघत असणार. दत्तात्रेय हेल्मेट न काढताच थोडा वेळ तिथे बसला.