बेरिलबाईंची शेवटची ओळ

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारा भाग आहे, मित्रांनो, आणि माझ्या एका खोडीमुळे एका घरात वारलेले माणूस रोज दुपारी बोलत होते. ही खोड मी मिरवत नाही. पण आता तेरा वर्षांचा झालो, पंख्यात धूळ बसली, तेव्हा एकदा सांगून टाकतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर आग ओकणारा राक्षस छापला होता. माझी नेमणूक मात्र झाली न्यूझीलंडमधल्या ओमारू गावी, विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बेरिल प्रिंगल यांच्या टेबलाखाली. राक्षस कसला, पहिला महिनाभर मी नुसती अक्षरे उमटवत बसलो.

बेरिलबाई विंडोजऐवजी लिनक्स नावाची मोफत प्रणाली वापरत. माझ्याकडून काम करून घ्यायला संगणकाला एक प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सवर माझ्यासाठी असे दोन होते. एक माझ्या कंपनीचा, वेगवान, पण कुलूपबंद. आत काय आहे ते कोणाला पाहू देत नसत. दुसरा जगभरच्या हौशी मंडळींनी लिहिलेला, जरा मंद, पण कोणीही उघडून सुधारावा असा. यातला कोणता बरा, यावर बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत दर शनिवारी गावातली लिनक्सवाली दहाबारा माणसे तावातावाने भांडत. बेरिलबाई भांडत नसत, तपासत. कार्ड बदलायचे, ड्रायव्हर बदलायचा, संगणक बंद न करता नुसता वीस वेळा झोपवायचा, वीस वेळा उठवायचा आणि गुण द्यायचे. त्यांच्या गुणांपुढे कोणाचे काही चालत नसे.

कंपनीच्या ड्रायव्हरवर मला चित्रपटासाठी दहापैकी नऊ मिळाले. झोपेतून उठण्यासाठी मात्र शून्य! कारण उठलो की पासवर्ड विचारणारा पडदा येण्याआधी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर, झोपण्यापूर्वीचे उघडे पान मी दाखवून टाकत असे.

"चहाडखोर कुठला!" बाई हसून म्हणत. मला फार लाज वाटे.

मग त्यांच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले. डनीडिनच्या इस्पितळात न्यायला गाडी दारात उभी होती, तरी बाई माझी तुलना लिहीत होत्या. शेवटी त्यांनी खाली नवऱ्यासाठी दोन ओळी लिहिल्या. पान जतन करायचे राहिले, आणि वीस वर्षांच्या सवयीने हाताने संगणक झोपवला.

"वॉल, तुझ्यासाठी लिहून ठेवलंय बघ," दारातून त्या म्हणाल्या.

त्या परत आल्या नाहीत.

अंत्यविधीनंतर वॉल खुर्चीत येऊन बसला. संगणकाशी त्याचे कधी जमले नव्हते. त्याने भीतभीत एक कळ दाबली. मी दचकून उठलो आणि माझी खोड केली. बाईंचे पान लखकन दिसले, लगेच पासवर्डचा पडदा आला. पासवर्ड वॉलला ठाऊक नव्हता. पण एक शब्द त्याने टिपला होता. तो शब्द त्याचेच नाव होता.

त्या दिवसापासून रोज दुपारी तो येई, कळ दाबी, आणि सापडेल ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवी. थोड्या वेळाने संगणक आपोआप पुन्हा झोपे. वीज तुटली तर पान जाईल या भीतीने तो प्लगला कोणाला हात लावू देत नसे. पाच महिन्यांत एवढे जमले होते: 'वॉल, मी नसले तर तू आधी'. पुढचे जमत नव्हते. कधी कधी तर त्या क्षणी तो डोळे मिटून घेई. मला वाटते, मित्रांनो, तो मुद्दाम हळू वाचत होता. वाचून संपले असते तर बाईंचे बोलणेही संपले असते.

एका शनिवारी क्लबातला राविरी चीज रोल घेऊन आला. वॉल ते गरम करायला, चहा ठेवायला आत गेला. राविरीने सहज कळ दाबली.

"अजून ही खोड आहे होय! बेरिलच्या घरात?" तो स्वतःशीच म्हणाला.

हौशी मंडळींच्या नव्या ड्रायव्हरमध्ये माझी ही खोड मोडलेली होती. राविरीने संगणक बंद करून पुन्हा चालू केला, पासवर्ड नवा घातला, नवा ड्रायव्हर बसवला. माझ्या पोटात जे काही उरले होते ते सारे पुसले गेले. मला ओरडता येत नाही.

"वॉल, हे बघ! कसं साफ उठतंय. बेरिलनं दहाच्या दहा दिले असते."

वॉलने ट्रे खाली ठेवला. कळ दाबली. राविरीला संगणक झोपवायला लावून पुन्हा दाबली.

"ती कुठंय?"

"कोण?"

"तिथं पान होतं, राविरी."

राविरीने सगळे धुंडाळले. बाई ऑपरेशनला निघाल्या त्याच्या आदल्या दिवशीपर्यंतची तुलना सापडली. त्या दोन ओळी नव्हत्या. वॉलने कॅलेंडर पुढे केले. राविरीने ते दोनदा वाचले.

"अरे बाबा, मला सांगायचंस तरी! फोननं टिपलं असतं. एका मिनिटाचं काम."

"मला एका मिनिटात नको होतं," वॉल म्हणाला.

चहा तसाच गार झाला. राविरीने खाली मान घालून जुना ड्रायव्हर पुन्हा बसवला. माझी खोड परत आली. पण उठताना मी दाखवला तो रिकामा निळा पडदा.

"पुन्हा नवा घालू?"

"नको. राहू दे तसंच."

तो गेल्यावर वॉलने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिले: 'बेरिल, आधी काय?' आणि संगणक झोपवला.

मित्रांनो, कोणाची बिघडलेली वस्तू हाती घ्याल तेव्हा घाई करू नका. आधी तिच्या माणसाला विचारा, तुला यात काय दिसते? बिघाड असला तरी तो कोणाचा तरी असतो. एवढेच या जुन्या कार्डाचे मागणे आहे.

वॉल अजून रोज दुपारी येतो. तो कळ दाबतो, आणि मी त्याला क्षणभर त्याचाच प्रश्न दाखवतो. मग पडदा पासवर्ड मागतो. राविरीने घातलेला नवा पासवर्ड आता वॉलला ठाऊक आहे, पण वॉल तो घालत नाही.