सतरा नंबरची बशी

"ताई, इकडे या. हे बघा."

क्षिप्राने मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही. संघप्रिया हातमोजे काढून शेजारी गेली. काय दिसणार हे तिला ठाऊक होतं, तरी तिने डोळे लावले. बशीतल्या पेशींच्या थरावर पेशी सरकतात का हे बघायला काल मारलेला ओरखडा पार बुजला होता. दोन्हीकडच्या पेशी सरपटत मध्ये येऊन एकमेकींना भिडल्या होत्या.

"औषधाच्या बशीतही हेच," क्षिप्रा म्हणाली. "तिसऱ्यांदा. फेल आहे हे औषध. सर म्हणाले, आज रिपोर्ट द्या, बंद करून टाकू."

खारघरच्या त्या संशोधन केंद्रात संघप्रिया बारा वर्षं टेक्निशियन होती. पेशी वाढवायच्या, दिवसाआड त्यांना खायला घालायचं, आणि रिसर्च पेपरात आपलं नाव येत नाही म्हणून मनाला लावून घ्यायचं नाही, हे तिचं काम. क्षिप्राचा संशोधनाचा विषय तिला आता तोंडपाठ होता. कॅन्सरची पेशी सहसा उगाच जागा सोडत नाही. बाहेरून एखादं प्रथिन येतं, तिच्या अंगावर बसतं आणि निरोप देतं, चल. मग ती शेजारणींचा हात सोडते आणि निघते, लिव्हरात जाते, हाडात जाते. क्षिप्राचं औषध यातला एक निरोप अडवणार होतं. पण वासराच्या रक्तातून काढलेलं जे सीरम पेशींना खुराक म्हणून देतात, त्यात असले कितीतरी निरोप असतात. म्हणून प्रयोगाआधी आणि प्रयोग चालू असेपर्यंत सीरम तोडायचं. लॅबमध्ये त्याला पेशी उपाशी ठेवणं म्हणतात.

या पेशींच्या डबीवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता, सतरा. नियमच तसा. पण दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन थिएटरच्या दारातून काढलेल्या गाठीचा तुकडा ठेवलेला बर्फाचा डबा आणायला गेली होती ती संघप्रियाच, आणि आत टेबलावर तिची आई होती, भिमाबाई. बेलापूरच्या एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटून तिने या मुलीला बीएस्सी केलं होतं. "उपेग होत असंल तर घ्या म्हनावं," असं म्हणून तिने संमतीच्या कागदावर सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली होती.

शेवटच्या आठवड्यात आईचं आतडं बंद पडलं. तोंडाने काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "पोरी, लई भूक लागलीया गं. भाकरीचा तुकडा तरी दे," आई म्हणायची. संघप्रियाने नियम पाळला. आई उपाशी गेली.

आणि आता चिठ्ठी यायची: सतरा नंबर, उपाशी ठेवा. बशा ठेवायच्या कपाटाचं दार उघडलं की अंगाला माणसाची ऊब लागायची आणि कानात तेच वाक्य. तिन्ही वेळा तिने आजूबाजूला कुणी नाही असं बघून दोन्ही बशांत थोडं सीरम सोडलं होतं. एवढ्याशाने काय होतंय, अशी मनाची समजूत घातली होती.

तिने तो बुजलेला ओरखडा पुन्हा एकदा पाहिला. आईला ज्यांनी खाल्लं त्यांनाच ती आई समजून भरवत आली होती. गप्प राहिली तर नोकरी टिकणार होती आणि औषध बाद होणार होतं, कायमचं.

"मॅडम, औषध फेल नाही," ती म्हणाली. "मी त्यांना खायला घातलंय."

"काय? कुणाला?"

"आईला. सतरा नंबर माझी आई आहे."

क्षिप्राने मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. तिचे तीन महिने पाण्यात गेले होते. "सांगायचं तरी होतं ना ताई," ती म्हणाली. "सरांना कळवावं लागेल मला. यापुढचं ती दुसरी टेक्निशियन, मनस्वी, करेल, तुम्ही नका हात लावू."

"सरांना सांगा. पण एकदा मलाच करू द्या. तुम्ही बाजूला उभ्या राहा हवं तर."

क्षिप्रा उभी राहिली. संघप्रियाने नव्या बशांतलं सीरम काढलं, पेशी तीनदा धुतल्या आणि त्यांना दिवसभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी ओरखडे मारले, प्रथिन घातलं, एका बशीत औषधही घातलं. त्या रात्री घरी ती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी पहिल्या बशीतला ओरखडा बुजला होता. औषधाच्या बशीतला मोकळाच होता. पेशी काठाशी थांबल्या होत्या, पुढे जवळजवळ कुणी आलं नव्हतं.

"ताई! थांबल्या!" क्षिप्रा ओरडली. दोनदा फोटो काढून ती सरांच्या केबिनकडे धावली. जाताजाता म्हणाली, "बशा टाकून द्या आता."

संघप्रियाने औषधाच्या बशीत ब्लीच ओतलं. पेशींभोवतीच्या गुलाबी पाण्याचा रंग उडत गेला. ब्लीच घातलं की पेशी पुरत्या मरेपर्यंत वीस मिनिटं थांबायचं, मग बेसिनमध्ये ओतायचं. एरवी तेवढ्या वेळात ती बाकीची कामं उरकायची. आज तिने स्टूल ओढलं, आणि पूर्ण वीस मिनिटं बशीजवळ बसून राहिली.