सुई कुठे लागली

वैशालीने हातमोजा ओढून काढला तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी रक्ताचा थेंब उभा होता. पिवळ्या पिशवीत नुसते बोळे आणि बँडेज असायला हवे होते. सुई त्यात कुणी टाकली, कुठल्या पेशंटच्या अंगातून आली, काही कळायला मार्ग नव्हता. तिने हात नळाखाली धरला.

"पिळू नकोस. नुसतं पाणी जाऊ दे," मागून बुधाजी म्हणाले.

परळच्या त्या मोठ्या इस्पितळात बुधाजी सव्वीस वर्षं वॉर्डात होते, मार्चमध्ये निवृत्त व्हायचे. वैशाली सफाईला, कंत्राटावर. तिला आठ महिने झाले होते.

तिने कंत्राटदाराच्या मुकादमाला, हितेंद्रला सांगितलं. त्याने अंगठ्याकडे पाहिलंही नाही.

"पट्टी लाव नि काम कर. कंत्राटी लोकांची नोंद होत नाय इथे. ऑफिसात गेलीस तर एक तारखेला यादीत नाव नसणार. मग मला बोलायचं नाय."

बुधाजी तिला जिन्याखाली घेऊन गेले. कायम कामगाराला सुई लागली की त्याचं नाव नोंदवहीत चढतं, एचआयव्ही होऊ नये म्हणून अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या मिळतात. पहिली गोळी जितकी लवकर तितकं बरं.

"मला लागली म्हणून सांगतो. गोळ्या तू घे."

"काका, कोणी विचारलं तर?"

"सव्वीस वर्षांत कोणी काय विचारलं नाय. आता काय विचारणार?"

त्यांनी शर्टाची टाचणी काढून स्वतःच्या अंगठ्यात टोचली आणि ते वर गेले. डॉ. देविका नावाच्या तरुण डॉक्टरांनी नोंद केली, गोळ्या दिल्या, तपासणीसाठी त्यांचं रक्त काढून घेतलं. अर्ध्या तासात वैशालीने जिन्याखाली पहिली गोळी गिळली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बुधाजींना बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"एचआयव्ही नाही, काका. पण हिपॅटायटिस सी आहे. यकृत बरंच खराब झालेलं दिसतंय. औषध आहे, ते लगेच सुरू करू. पण झालेलं नुकसान भरून येईल असं सांगत नाही." त्यांनी रिपोर्ट बुधाजींपुढे सरकवला. "हे मंगळवारच्या सुईचं नाही. वीसेक वर्षांपूर्वीचं असेल. तेव्हा कधी लागली होती?"

बुधाजी हाताच्या तळव्यांकडे बघत राहिले. पहिली अकरा वर्षं ते बदली कामगार होते, कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी. तेव्हा सगळं हातानेच उचलायचं.

"लागायच्या."

"नोंद आहे? म्हणजे आजार कामातून झाला असं दाखवता येईल."

"बदलीवाल्यांची नोंद करत नव्हते."

डॉक्टरांनी कागदावर पुढच्या तारखा लिहिल्या. "बरं. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तुमचं रक्त परत बघू."

बुधाजी उठले, दारापर्यंत गेले. दर वेळी तपासलं जाणार ते त्यांचं रक्त. वैशालीचं कुणी बघणारच नव्हतं. ते परत येऊन बसले.

"मॅडम, सुई मला नाय लागली."

वैशालीला बोलावलं. सगळं ऐकून डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी नोंदवही उघडली. नावापुढे कर्मचारी क्रमांकाचा रकाना होता, आणि वैशालीला क्रमांक नव्हता.

"या वहीत तुम्हाला घेता येत नाही. पेशंट म्हणून केसपेपर काढते. माणूस म्हणून उपचार कोणी नाकारू शकत नाही." पेन हातात तसंच राहिलं. "फक्त सुई कुठे लागली ते लिहावं लागतं. घरी लिहू? तुमची नोकरी राहील. काकांची नोंद आहे तशी राहू दे."

वैशालीच्या घरी सासू आणि दोन मुली. कमावणारी ती एकटी.

"घरी लिहा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं. बुधाजींनी खिशातला रिपोर्ट काढून तिच्यासमोर ठेवला. एकेक अक्षर लावत तिने वाचला.

"हे माझ्यामुळे?"

"नाय गं. मी बदली होतो तेव्हाचं. मीपण तेव्हा गप बसलो. पोरं लहान होती."

बाहेर स्ट्रेचरची चाकं करकरत गेली. वैशालीने कागदाची घडी घालून तो त्यांच्या हातात दिला.

"मॅडम, खोडा ते. वॉर्ड नंबर सात लिहा. मंगळवार, सकाळी सव्वाआठ."

केसपेपर ऑफिसात पोचला आणि एक तारखेला यादीत वैशालीचं नाव नव्हतं. एकाच सुईच्या दोन नोंदी निघाल्या, तेव्हा खोट्या नोंदीबद्दल बुधाजींना मेमो मिळाला. चौकशी पुरी होईपर्यंत पेन्शनचे कागद अडले. वैशाली लालबागला एका खानावळीत चपात्या लाटायला लागली.

तीन महिन्यांनी ती रक्त द्यायला आली तेव्हा सोबत प्रिती होती. वॉर्ड सातची सफाई आता तिच्याकडे होती.

"मॅडम, हिचंपण लिहायचंय," वैशाली म्हणाली. "वॉर्डातलीच सुई."

डॉक्टरांनी कोरा केसपेपर पुढे ओढला.

"कधी लागली?"

प्रितीने वैशालीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"कुठली सांगू, मॅडम?"